हलाल, तय्यिब आणि दाढीचा ब्रश




इस्लामची शिकवण मशिदीच्या चार भिंतींत संपत नाही. पाणी कोणत्या हाताने प्यावे, घरात पाऊल ठेवताना काय म्हणावे, नखे व मिशा किती वाढू द्याव्यात, इथपर्यंत नबी करीम हजरत मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतला मार्ग दाखविला आहे. म्हणून "माझ्या चेहऱ्याला लागणारा दाढीचा ब्रश कशाच्या केसांचा आहे आणि तो कशाचा असावा?" असे कोणी विचारले, तर प्रश्न क्षुल्लक म्हणून टाळणे योग्य नव्हे. जी वस्तू ओल्या चेहऱ्यावर फिरते, आणि ज्या चेहऱ्याने आपण सजदा करतो, त्या वस्तूची पाकी हा विचार करण्याजोगा विषय आहे.

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे दूरवर परिचित आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, तोडणीसाठी बाहेरून आलेली कुटुंबे आणि पाळीवर जाणारे कामगार यांनी हा परिसर गजबजून जातो. अशा गावातील केशकर्तनालयात एकच ब्रश दिवसभरात कितीतरी चेहऱ्यांना फेस लावतो. शुक्रवारी सकाळी डोके भादरून, गालांवरचे केस साफ करून कोणी बांधव तडक जुमाच्या नमाजला जातो. ब्रशात डुकराचे केस असतील, तर त्याच्या पाकीचे काय? आणि ज्या कारागिराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत, त्याला हे विचारायचे तरी कसे? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिला फिकहचा आहे आणि दुसरा अखलाकचा. दोन्हींचे उत्तर एकत्र शोधले, तरच ते पुरे होईल.

आधी दाढीविषयी

काही वाचक म्हणतील, दाढी राखणे ही नबी (स.) यांची सुन्नत असताना दाढीच्या ब्रशाची चर्चा कशासाठी? ही हरकत रास्त आहे आणि तिला बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. दाढी वाढू द्यावी आणि मिशा कमी कराव्यात, अशी ताकीद सहीह हदीसमध्ये आलेली आहे. अनेक उलेमांनी दाढी राखणे वाजिब मानले आहे. ज्यांना ही सुन्नत अंगीकारता आली, त्यांनी अल्लाहचे आभार मानावेत. ज्यांना अजून ती साधलेली नाही, त्यांनी तिचा विचार जरूर करावा.

परंतु ब्रश केवळ दाढी काढण्यासाठीच लागतो असे नाही. हज आणि उमऱ्यानंतर डोके भादरले जाते. हज्जतुल विदाअच्या वेळी नबी (स.) यांनी स्वतः आपले डोके भादरून घेतले, आणि ती सेवा करणारे हजरत मअमर बिन अब्दुल्लाह (र.) होते, असे प्रसिद्ध मत आहे. नवजात बाळाचे सातव्या दिवशी अकीक्याच्या वेळी केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी सदका करण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. दाढी राखणारेही मानेवरचे केस साफ करून घेतात. शिवाय एका बाबतीत उणे पडणाऱ्याने दुसऱ्या बाबतीतही सारे सोडून द्यावे, असे दीन शिकवीत नाही. जो दाढी करतो, त्यालाही पाकीचा हुकूम तितकाच लागू आहे.

ब्रश कशाचे असतात?

बाजारात मिळणारे दाढीचे ब्रश मुख्यतः चार प्रकारांचे असतात. पहिला डुकराच्या राठ केसांचा. हे केस ताठ असतात, पाणी चांगले धरून ठेवतात, आणि वापरात त्यांची टोके फाटून मऊ होतात. स्वस्त ब्रशांत हा प्रकार फार आढळतो. वेष्टनावर प्राण्याचे नाव नसते. 'नॅचरल ब्रिसल' किंवा 'प्युअर ब्रिसल' एवढेच छापलेले असते. ब्रशाच्या व्यापारात 'ब्रिसल' हा शब्द बहुधा डुकराच्या केसांसाठीच वापरला जातो, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा. हा मऊ आणि महाग असतो, आणि त्यासाठी त्या प्राण्याला मारावेच लागते. तिसरा घोड्याच्या केसांचा. आयाळीचे केस मऊ आणि शेपटीचे ताठ असल्यामुळे दोन्ही मिसळून ब्रश बांधतात. त्याचा पोत डुकराच्या केसाहून मऊ आणि बॅजरच्या केसाहून ताठ असा मधला राहतो. तो फेस चांगला करतो आणि वापरानंतर लवकर सुकतो. स्पेनमध्ये असे ब्रश बांधण्याची परंपरा आजही टिकून आहे. घोड्याची निगा राखताना आयाळ-शेपटी विंचरली व कातरली जाते. त्यामुळे या केसांसाठी जनावराचा जीव घेण्याची गरज पडत नाही. चौथा प्रकार नायलॉन व तत्सम कृत्रिम तंतूंचा. तो प्राण्याचा नाही आणि आता पुष्कळ मऊ मिळतो.

एक साधी पारख सांगून ठेवतो. ब्रशातून गळालेला केस दिव्यावर धरावा. कृत्रिम तंतू वितळतो आणि त्याची कठीण गोळी होते. खरा केस जळून त्याची चुरगळणारी राख होते, आणि केस जळल्याचा वास येतो. मात्र या परीक्षेने कृत्रिम आणि नैसर्गिक एवढाच भेद कळतो. घोडा की डुक्कर, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी विकणाऱ्याच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते, आणि म्हणूनच विकणाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न पुढे येतो.

शरीअत काय सांगते?

सूरह नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाह तआलाने जनावरांची लोकर, लव आणि केस यांना माणसाच्या संसारोपयोगी वस्तूंत आणि आपल्या देणग्यांत गणले आहे. म्हणजे प्राण्याचा केस वापरणे हे मुळात निषिद्ध नाही. ती अल्लाहची नेमत आहे. सूरह अनआमच्या १४५ व्या आयतीत मात्र डुकराच्या मांसाला घाण म्हटले आहे. या आधारावर हनफी आणि शाफई फुकहांनी डुकराला संपूर्णपणे नापाक मानले आणि त्याच्या केसाचाही त्यात समावेश केला. हंबली मसलकचेही प्रसिद्ध मत असेच आहे. मालिकी मसलकमध्ये डुकराचा कातरलेला केस पाक मानला जातो, आणि इतरही काही विद्वानांचा कल तिकडे आहे. म्हणून दुसऱ्या मसलकच्या बांधवावर या बाबतीत आगपाखड करण्याचे कारण नाही. पण आपल्या भागातील बहुसंख्य मुसलमान ज्या मसलकांवर चालतात, त्यांचा निर्णय स्पष्ट आहे.

बॅजर आणि इतर प्राण्यांच्या केसांबाबत मतभेद आहे. कोल्हापूरच्या बाजूला बहुतेक मुसलमान हनफी आहेत. त्यांच्या फिकहनुसार केसात जीव नसतो, म्हणून डुक्कर वगळता मेलेल्या प्राण्याचाही केस पाक असतो. फोंडा घाट उतरून कोकणात गेले की शाफई बांधवांची वस्ती लागते. त्यांच्या फिकहनुसार मेलेल्या प्राण्याचा केस नापाक ठरतो, आणि ज्याचे मांस हलाल नाही अशा जिवंत प्राण्याचा काढलेला केसही नापाक ठरतो.

आता घोड्याकडे पाहा. शाफई मसलकमध्ये घोड्याचे मांस हलाल आहे, म्हणून जिवंत घोड्याचा कातरलेला केस पाक आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी घोड्याचे मांस मकरूह मानले, तरी त्याच्या केसाची पाकी त्यांच्याकडेही निर्विवाद आहे. म्हणजे जिवंत घोड्याच्या आयाळ-शेपटीचा ब्रश असा आहे की, घाटावरचा हनफी आणि घाटाखालचा शाफई दोघेही त्याबाबत निश्चिंत राहू शकतात. कृत्रिम तंतूबाबत तर प्रश्नच उद्भवत नाही. जिथे सर्वांचे एकमत आहे ती वस्तू सहज मिळत असताना मतभेदाची वस्तू घ्यावी कशाला? तकवाचा मार्ग इथे सोपा आहे आणि स्वस्तही आहे.

घोडा हा आपल्या दीनमध्ये मान असलेला प्राणी आहे, हेही विसरू नये. सूरह आदियातच्या आरंभी धापा टाकीत धावणाऱ्या घोड्यांची शपथ आलेली आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका रिवायतीत घोड्याच्या कपाळावरचे केस, आयाळ आणि शेपूट कापून टाकण्यास मनाई आली आहे. कारण शेपटीने तो माशा वारतो, आयाळ त्याला ऊब देते आणि कपाळावरच्या केसांत भलाई बांधलेली आहे. यावरून बोध असा की, निगा राखताना निघालेले केस वापरणे वेगळे, आणि चार पैशांसाठी मुक्या जनावराला त्याच्या संरक्षणापासून वंचित करणे वेगळे. केस पाक असला तरी तो क्रूरतेने मिळवलेला नसावा.

चामडे शिवणाऱ्याचे उदाहरण

फिकहच्या ग्रंथांत एक उदाहरण आहे, जे कोल्हापूरच्या वाचकाला चटकन उमजेल. जुन्या काळी चामडे शिवताना दोऱ्याच्या टोकाला डुकराचा ताठ केस जोडून तो भोकातून ओवीत असत. हनफी फुकहांनी डुकराचा केस नापाक ठरवूनही चामडे शिवणाऱ्या कारागिराला त्या कामापुरती मुभा दिली, कारण त्यावाचून त्याचे काम अडत होते. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी तेही नापसंत केले. पुढे अल्लामा इब्न आबिदीन (रह.) यांच्यासारख्या उत्तरकालीन फुकहांनी म्हटले की, आता इतर साधने उपलब्ध झाली आहेत, गरज संपली, म्हणून मुभाही संपली.

या एका उदाहरणात शरीअतची दोन रूपे एकत्र दिसतात. गरीब कारागिराच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून ती सवलत देते, आणि गरज सरताच त्या सवलतीला सवय होऊ देत नाही. हाच नियम ब्रशाला लावून पाहू. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा दातांचा ब्रश बाजारात आला. त्यापूर्वी दातांचे ब्रशही मुख्यतः डुकराच्या केसांचेच असत. त्या काळच्या मुसलमानापुढे मिस्वाक होतीच, पण दाढीच्या ब्रशासाठी पर्याय थोडे होते. आज बिद्रीसारख्या गावातील दुकानातही कृत्रिम तंतूंचा ब्रश मिळू शकतो. तेव्हा "काय करणार, दुसरे मिळतच नाही," हे कारण आता उरलेले नाही.

सावधगिरी आणि शंकेखोरपणा

इथे एक धोका आहे, आणि तो दुसऱ्या टोकाचा आहे. पाकीची काळजी घेता घेता काही बांधव वसवशाच्या आहारी जातात. प्रत्येक दुकानात, प्रत्येक घरात, प्रत्येक वस्तूत त्यांना नापाकी दिसू लागते. दीन त्यांच्यासाठी ओझे होतो आणि शेजाऱ्यांसाठी ते स्वतः ओझे होतात.

इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (र.) यांची एक घटना नोंदलेली आहे. ते एका काफिल्यासह प्रवासात असताना एका पाणवठ्यापाशी आले. हजरत अम्र बिन आस (र.) यांनी पाणवठ्याच्या मालकाला विचारले की, येथे हिंस्र श्वापदे पाणी प्यायला येतात काय? त्यावर हजरत उमर (र.) यांनी मालकाला सांगितले की, आम्हाला ते सांगू नकोस. पाण्याची मूळ स्थिती पाक असण्याची आहे. नापाकीचे कोणतेही चिन्ह समोर नसताना ती खोदून काढण्याचा भार अल्लाहने बंद्यावर टाकलेला नाही.

दुसरीकडे हजरत नुअमान बिन बशीर (र.) यांची प्रसिद्ध हदीस आहे, जी बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की, हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि या दोहोंमध्ये काही संशयास्पद गोष्टी आहेत. त्यांपासून जो दूर राहिला, त्याने आपला दीन आणि आपली अब्रू सांभाळली.

या दोन शिकवणी परस्परविरोधी आहेत काय? मुळीच नाही. दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. आपण वाटसरू असतो, समोर चिन्ह नसते आणि निवड आपल्या हाती नसते, तेव्हा हजरत उमर (र.) यांचा मार्ग. आपण खरेदीदार असतो, वेष्टनावर 'ब्रिसल' असे छापलेले असते आणि बाजूलाच दुसरा पर्याय ठेवलेला असतो, तेव्हा हजरत नुअमान (र.) यांनी सांगितलेला मार्ग. परगावी एखाद्या अनोळखी दुकानात एकदा डोके भादरून घेतले असेल आणि ब्रश कशाचा होता हे ठाऊक नसेल, तर मनाला लावून घेऊ नये; चेहरा व डोके स्वच्छ पाण्याने धुऊन वुजू करावा आणि नमाज पढावी. ब्रश डुकराच्या केसांचाच होता हे नंतर निश्चित कळले, तर पूर्वीच्या नमाजांबाबत तर्क करीत बसण्यापेक्षा जवळच्या जाणत्या आलिमांना विचारावे. मात्र घरासाठी स्वतः ब्रश विकत घेताना न विचारणे, ही बेपर्वाई होय.

पाक आहे, पण तय्यिब आहे काय?

सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत अल्लाहने साऱ्या मानवजातीला उद्देशून पृथ्वीवरील हलाल आणि तय्यिब वस्तू खाण्यास सांगितले आहे. हलालबरोबर तय्यिब हा शब्द आला आहे. तय्यिब म्हणजे स्वच्छ, उत्तम, निर्धोक. ती आयत खाण्याविषयी असली, तरी तिच्यातील बोध वापराच्या वस्तूंनाही मार्गदर्शक आहे. घोड्याच्या केसाच्या ब्रशाचाच इतिहास याची साक्ष देतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून सैनिकांना दाढी करणे भाग पडले, आणि ब्रशांची मागणी प्रचंड वाढली. चांगल्या बॅजरच्या केसांचा पुरवठा युद्धामुळे खुंटला होता. तेव्हा व्यापाऱ्यांनी पूर्वेकडून आलेल्या घोड्याच्या केसांना बॅजरसारखे रूप देऊन ब्रश बांधले. त्यांतील काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांत ॲन्थ्रॅक्सचे, म्हणजे आपले शेतकरी जनावरांच्या ज्या रोगाला काळपुळी किंवा फाशी म्हणून ओळखतात त्याचे, बीजाणू दडलेले होते. दाढी करताना त्वचेला पडणाऱ्या बारीक चिरांतून ते शरीरात शिरले. शंभराहून अधिक अमेरिकी सैनिकांना, काही ब्रिटिश सैनिकांना आणि कित्येक सामान्य नागरिकांना त्याची बाधा झाली, आणि त्यांतील काही दगावले. १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

विचार करा. केस घोड्याचाच होता, म्हणजे फिकहच्या दृष्टीने पाक. तरीही तो माणसाच्या जिवावर उठला. कारण त्यामागे दोन दोष होते : स्वच्छतेची हयगय आणि एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे रूप देऊन विकण्याची फसवणूक. आजचे घोड्याचे केस प्रक्रिया करून, निर्जंतुक करून वापरले जातात, म्हणून भिण्याचे कारण नाही. पण कोठून आला, कसा स्वच्छ केला याचा पत्ता नसलेला, रस्त्यावरचा स्वस्त ब्रश किंवा कोणाच्या अडगळीत सापडलेला जुना ब्रश वापरू नये.

हाच विचार केशकर्तनालयातील सामाईक ब्रशाला लागू आहे. अलीकडे प्रत्येक गिऱ्हाइकामागे ब्लेड बदलण्याची चांगली सवय रुजली आहे. रक्तातून पसरणारे आजार त्यामुळे टळतात. परंतु ब्रश तोच राहतो, मगमधले साबणाचे पाणी तेच राहते, आणि नायटा, पुटकुळ्या यांसारखे त्वचारोग एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात. स्वतःला अपाय होऊ देऊ नये आणि दुसऱ्यालाही करू नये, हे तत्त्व नबी (स.) यांनी घालून दिले आहे. ज्याने डुकराच्या केसाविषयी दहा प्रश्न विचारले, पण आपल्या चेहऱ्यावर नायटा असताना तो सामाईक ब्रश फिरवू दिला, त्याने पाकीचा अर्धाच अर्थ जाणला.

विकणाऱ्याची अमानत

ब्रशाचा केस पाहून तो कोणत्या प्राण्याचा, हे सामान्य ग्राहकाला कळत नाही. म्हणून खरी जबाबदारी जाणणाऱ्यावर येते. नबी (स.) एकदा बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. ही घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. 'ब्रिसल' या शब्दाआड प्राण्याचे नाव झाकणे, हे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरण्यासारखेच आहे. मुसलमान दुकानदाराने तर माल भरतानाच घाऊक व्यापाऱ्याला विचारावे, आणि गिऱ्हाइकाने न विचारताही सांगावे.

आपल्या देशाने या प्रश्नाचे गांभीर्य एकदा मोठी किंमत मोजून पाहिले आहे. १८५७ च्या उठावामागे अनेक कारणे होती, पण दातांनी तोडायच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली असल्याची वार्ता ठिणगी ठरली. त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरातील २७ व्या पलटणीनेही बंड केले. हिंदू आणि मुसलमान दोघांचाही प्रश्न एकच होता : आमच्या शरीराला जे लावायला सांगता, ते काय आहे, हे आम्हाला का सांगत नाही? हा प्रश्न आजही प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे, मग त्याचा धर्म कोणताही असो. शाकाहारी शेजाऱ्यालाही आपल्या ब्रशात कोणाचा केस आहे हे जाणून घ्यायचे असते. त्याच्यासाठीही खरे सांगणे ही आपली अमानत आहे.

कारागिराशी वागणूक

आता दुसरा प्रश्न. गावातील नाभिक बांधवाला हे विचारावे कसे? प्रथम हे लक्षात घ्यावे की, त्यालाही बहुधा ठाऊक नसते. घाऊक दुकानदाराने दिला तो ब्रश त्याने घेतला. त्याच्या मनात आपल्या दीनला दुखावण्याचा हेतू नसतो. चारचौघांत, खुर्चीत बसल्यावर, हात झटकून "हे डुकराचे आहे का?" असे ओरडणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय, आणि अपमानाने कोणतीही पाकी साधत नाही. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत अल्लाहने पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्यास आणि दुसऱ्याची टेहळणी न करण्यास सांगितले आहे.

दुकानात गर्दी नसताना, मवाळपणे सांगावे : "दादा, आमच्या दीनमध्ये डुकराचा केस चालत नाही. पुढच्या वेळी ब्रश घ्याल, तेव्हा घोड्याच्या केसांचा किंवा नायलॉनचा घ्या. सगळ्याच गिऱ्हाइकांना चालेल." याहून चांगले म्हणजे तसा एखादा ब्रश आपणच त्याला भेट द्यावा. हंगामात तो सकाळपासून रात्रीपर्यंत उभा राहून काम करतो. जुन्या बलुतेदारीत त्याला वर्षाकाठी धान्याच्या रूपाने हक्क मिळे, आता रोजच्या खुर्चीवर त्याची चूल अवलंबून आहे. त्याच्या दुकानाविषयी कुजबुज पसरवून गिऱ्हाईक तोडणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब अल्लाहपुढे द्यावा लागेल. नबी (स.) यांनी शिंग लावून रक्त काढणाऱ्या अबू तैबा (र.) या श्रमिकाला त्याची मजुरी दिली आणि त्याच्यावरचा रोजचा करभार हलका करण्यास त्याच्या मालकांना सांगितले. शरीराची सेवा करणाऱ्या कष्टकऱ्याशी कसे वागावे, याचा हा आदर्श आहे.

थोडक्यात आचरण

घरासाठी ब्रश घेताना वेष्टनावरील शब्द वाचावेत. प्राण्याचे नाव नसेल, तर विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर कृत्रिम तंतूंचा घ्यावा. नैसर्गिक केसच हवा असेल, तर विश्वासू विक्रेत्याकडून घोड्याच्या केसांचा घ्यावा. शक्यतो प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा. जो नेहमी बाहेर केस काढून घेतो, त्याने आपला ब्रश सोबत न्यावा. यात पाकीही आहे आणि आरोग्यही. वापरानंतर साबण पूर्ण निघेपर्यंत ब्रश धुवावा, झटकावा आणि हवेशीर जागी केस खाली करून टांगावा. ओला ब्रश मगमध्ये उभा ठेवू नये. बाळाच्या अकीक्यासाठी तर नवा, स्वच्छ ब्रश किंवा नुसते कोमट पाणी आणि हलका हातच उत्तम. ती कोवळी त्वचा आपल्याकडे अल्लाहची अमानत आहे.

बंधुभगिनींनो, एका ब्रशाच्या निमित्ताने आपण हलाल-हराम, आरोग्य, व्यापार आणि शेजारधर्म इथवर आलो. दीनचे सौंदर्य याच जोडणीत आहे. चेहऱ्यावरचा फेस दोन मिनिटांत धुऊन जातो. विकताना बोललेले खरे किंवा खोटे आणि कारागिराशी बोललेले मवाळ किंवा कठोर शब्द मात्र नोंदले जातात. कयामतच्या दिवशी ज्या चेहऱ्यांवर वुजूचे तेज असेल, त्यांत आपला चेहरा असावा, ही प्रत्येक मोमिनची आशा आहे. त्या तेजासाठी बाहेरची पाकी आणि आतली सचोटी दोन्ही लागतात.

हे अल्लाह, आम्हाला हलाल ओळखण्याची जाण दे, हरामपासून दूर राहण्याची ताकद दे, वसवशापासून आमचे रक्षण कर, आणि तुझ्या कोणत्याही बंद्याचे मन किंवा पोट आमच्या हातून दुखावले जाऊ देऊ नकोस. आमीन.